पॅकर्स अँड मूव्हर्स : आई-बाबा विभाग

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास वाकडमधला धाकटा जेवून आणि न्यू जर्सीतली थोरली न्याहारी उरकून व्हिडिओ कॉलवर बसली, की समजावं, गावाकडच्या कुठल्या तरी आईचा मुक्काम हलणार. विषय एकच. 'आईला आता एकटं ठेवायचं नाही.' ठराव एकमताने मंजूर होतो. सूचक मुलगा, अनुमोदक मुलगी, जावई तटस्थ, सून म्यूटवर. जिच्याबद्दल सभा चाललेली असते, ती त्या वेळी कराडला शेजारणीबरोबर मालिका बघत, त्यातल्या सासूला नावं ठेवत बसलेली असते. तिला सभेचं निमंत्रण नसतं. इतिवृत्त मात्र सोमवारी सकाळी फोनवर वाचून दाखवलं जातं.

निमित्तं ठरलेली असतात. बाबांचं वर्षश्राद्ध उरकलेलं असतं, किंवा आई न्हाणीघरात घसरलेली असते, नाहीतर शेजारच्या काकांनी 'जरा लक्ष द्या बरं का' असा फोन केलेला असतो. कारणं खोटी नसतात आणि काळजीही खरी असते. प्रश्न इतकाच, की ती काळजी नेमकी कोणाच्या डोक्यावरून उतरवायची आहे. रात्री दहाला आईने फोन उचलला नाही, की पोटात गोळा मुलाच्या येतो. त्या गोळ्यावर उपाय म्हणून आई वाकडच्या चौदाव्या मजल्यावर येते. औषध मुलाला लागू पडतं. साइड इफेक्ट आईला.

काही घरांत याआधीच एक अंक होऊन गेलेला असतो. गावाकडची जागा विकून फ्लॅटच्या बुकिंगचे पैसे उभे केलेले असतात. त्या फ्लॅटच्या मास्टर बेडरूममध्ये आई-बाबांचे पैसे राहतात. आई-बाबा स्वतः नातवाच्या खोलीत, स्पायडरमॅनच्या पोस्टरखाली.

*

कराडला ती 'एकटी' होती, असं आपण म्हणतो. जरा मोजून बघा. सकाळी दूधवाला. त्याच्यामागे फुलपुडीवाला, तो दारात पुडी अडकवून 'आज्जी, आज जास्वंद नाही' एवढं ओरडून जाणार. मग भांडी घासायला येणारी बाई, तिच्याकडून गल्लीचं बातमीपत्र. किराणावाला 'वहिनी, या महिन्यात गूळ नेला नाहीत' म्हणणार. गुरुवारी भजनी मंडळ. एकादशीला देऊळ. आणि नाडी बघता बघता 'साहेब गेल्यापासून तुम्ही फारच वाळलात' म्हणणारे कोपऱ्यावरचे डॉक्टर, ज्यांना हिचं बीपी यंत्र लावायच्या आधीच कळतं.

यातलं कोणीही तिच्या जवळचं नाही. यांच्यापाशी तिने कधी मन मोकळं केलेलं नाही. पण दिवसातून दहा वेळा कोणीतरी तिला नात्याने हाक मारत होतं आणि ती दिसली नाही तर कोणाच्या तरी ध्यानात येत होतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली अशा पातळ ओळखींचं बळ दाखवणारा निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. त्यातून लोक मुख्यतः एवढंच शिकले, की ओळखीपाळखीने नोकऱ्या कशा लागतात. आपल्या आया त्याच ओळखींवर दिवस काढतात, एवढं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

टेम्पोत कपाट येतं, देव्हारा येतो, पितळेचे डबेही येतात (आणि माळ्यावर जातात). फुलपुडीवाला येत नाही.

चौदाव्या मजल्यावर सुरक्षा कडेकोट. खाली फाटकाशी आलेल्याला वर सोडायचं की नाही, ते मोबाइलवर बोट दाबून ठरवायचं. कुरिअरवाल्याला रोज परवानगी मिळते, भाजीवाल्याला मिळते, पिझ्झावाल्याला तर अर्ध्या रात्री मिळते. 'काही काम नव्हतं, सहज डोकावले' या कारणासाठी ॲपमध्ये बटणच नाही. समोरच्या दारावरची पाटी इंग्रजीत, कामवालीची बोली हिंदी, नातवाचं इंग्रजी यूट्यूबचं. आईला मराठी आहे तेवढं बाल्कनीतल्या तुळशीशी वापरावं लागतं. साडेआठला घर रिकामं होतं ते सातला भरतं. भरलं की प्रत्येक जण आपापल्या पडद्यासमोर बसतो. घरात माणसं पाच. बोलणं साधारण असं : 'जेवलीस?' 'गोळी घेतलीस?' 'फॅन बंद केलास?' हे संभाषण नव्हे. हा पहारेकऱ्याचा राउंड झाला.

आता तर हॉलमध्ये कॅमेराही असतो. मुलगा ऑफिसातून बघतो आणि फोन करतो, 'आई, दुपारी झोपली का नाहीस?' आई दचकून छताकडे बघते. कराडला तिच्यावर अख्ख्या गल्लीचा डोळा होता, त्याचा तिला राग यायचा. पण त्या डोळ्यांना निदान तोंड होतं.

*

आता थोडं डॉक्टरांचं ऐकू.

एकटं राहणं आणि एकाकी वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मानसशास्त्र फार वर्षांपूर्वीच सांगून बसलं आहे. एकटा राहणारा माणूस एकाकी नसू शकतो आणि पाच जणांच्या घरातला असू शकतो. व्हिडिओ कॉलवर मात्र या दोन्हींची सरमिसळ होते आणि आई पहिल्यातून सुटून दुसऱ्यात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी आहे आणि एकाकीपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार आहेत. म्हणजे तासाला शंभर. 'लॅन्सेट'च्या २०२४ सालच्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि टाळता येण्याजोगी १४ कारणं आहेत. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांच्याच यादीत माणसांपासून तुटणं आहे आणि ऐकू न येणंही आहे. साखरेची पट्टी आपल्याकडे दर आठवड्याला घरच्या घरी तपासली जाते. आई या आठवड्यात कोणाशी पाच मिनिटं हसून बोलली, याची पट्टी अजून निघालेली नाही.

जागा बदलल्याचा ताण हा म्हाताऱ्यांचा हट्टीपणा नव्हे, वैद्यकीय दप्तरात त्याची नोंद आहे. परिचारिकांसाठी निदानांची अधिकृत यादी करणाऱ्या 'नांदा' नावाच्या अमेरिकी संस्थेने १९९२ साली तो यादीत घातला. लक्षणं कोणत्याही सुनेला तोंडपाठ असतील : झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते, गोंधळ उडतो आणि संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' सुरू होतं. 'अगं, हेच आता तुझं घर' हे उत्तर ठरलेलं. त्याने आजवर एकाही आईचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही.

आणि रात्र. कराडला न्हाणीघर उजव्या हाताला होतं, इथे डाव्या. तो रस्ता पस्तीस वर्षं पायांना पाठ होता. रात्री दोनला डोळे अर्धे मिटलेले असताना पाय जुन्याच घरात चालतात आणि नव्या घराच्या भिंतीवर आपटतात. न्हाणीघरात पडू नये म्हणून आणलेली आई अशी पॅसेजमध्ये पडते.

यातून नैराश्य आलं तर ते ओळखू येईल, या भ्रमात राहू नये. म्हातारपणीचं नैराश्य बहुतेकदा 'मला उदास वाटतंय' असं सांगत येत नाही. ते 'पोट साफ होत नाही' म्हणून येतं, 'सगळं अंग ठणकतंय' म्हणून येतं, पहाटे तीनला डोळे टक्क उघडे म्हणून येतं. कधी विसराळूपणाचं सोंग घेऊन येतं आणि घरचे थेट अल्झायमरपर्यंत जाऊन पोचतात. मग पोटाची सोनोग्राफी होते, गुडघ्याचा एक्स-रे होतो, डोक्याचा एमआरआय होतो. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड बघायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळं 'नॉर्मल' आलं की घर सुस्कारा टाकतं आणि आईची फाइल बंद होते. शेवटी वॉचमनलाही जमेल असं निदान केलं जातं : 'वय झालं.'

आपल्या देशातलं चित्र 'लासी' या पाहणीत आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त माणसांना गाठून ती केली. साठीपुढच्या शंभरांतल्या साधारण आठ जणांत तीव्र नैराश्याची लक्षणं सापडली. डॉक्टरांनी तसं निदान केलेले मात्र शंभरात एकही भरत नव्हते. बाकीच्यांचं काय झालं? त्यांना इसबगोल दिलं.

*

तीन मुलगे असले तर प्रकरण आणखी न्याय्य होतं. चार-चार महिन्यांची पाळी. शेत, दागिने, तांब्याची घंगाळी यांची वाटणी झाली, आता आईची. फरक एवढाच, की शेत ज्याच्या वाट्याला गेलं तिथेच राहतं. आई दर चार महिन्यांनी ट्रंक भरते. एका घरी मीठ कमी, दुसरीकडे कांदा-लसूण वर्ज्य, तिसरीकडे रात्रीचं जेवणच साडेदहाला. गोळ्यांची वेळ तिन्ही घरांत वेगळी. अंथरूण तिन्ही घरांत हॉलमध्ये, पाहुणे गेल्यावर. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्या माणसाची जागा आणि दिनक्रम शक्यतो बदलू नका, हे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात. आपण वर्षातून तीनदा बदलतो आणि वर म्हणतो, 'हल्ली आई माझ्याकडे आली की पहिले पंधरा दिवस हरवल्यासारखी असते.' असणारच.

याहून थोर व्यवस्था म्हणजे आई थोरल्याकडे आणि बाबा धाकट्याकडे. पंचेचाळीस वर्षांचा संसार असा जागेच्या सोयीनुसार फोडतात. परस्पर संमतीच्या घटस्फोटालाही कायदा सहा महिने थांबून विचार करायला सांगतो. इथे मुलं आमरस संपेपर्यंत निकाल लावतात, आणि संमतीचा तर प्रश्नच नाही.

या ठिकाणी सुनेला चार शिव्या घालायची मराठी लेखनात जुनी प्रथा आहे. ती या सदराला मंजूर नाही. ठराव होताना ती म्यूटवर होती, अंमलबजावणीच्या वेळी तिला अनम्यूट करतात. पथ्यपाणी तिचं, दवाखान्याची रांग तिची, रात्रीची हाकही तिलाच. तिची स्वतःची आई सोलापूरला एकटी आहे. तिच्यासाठी रविवारी साडेनऊला कोणी कॉल लावत नाही.

*

मुक्काम हलवायला गाव सोडावंच लागतं असं नाही. मुंबईत पत्ता तोच ठेवून माणूस हलवतात. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, चाळीस मजली मनोऱ्यांत. शंभर वर्षांच्या चाळी होत्या त्या. आता गॅलरीतल्या गप्पा, उघडी दारं, वाटीभर साखर वगैरेंच्या आठवणींचा पूर येईल. त्याआधी एक सांगतो. चाळीचे गोडवे गाणारे बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात. पंचाहत्तरीच्या बाईला रात्री मजल्याच्या टोकाच्या सार्वजनिक संडासात जावं लागणं यात कसलंही काव्य नाही. घरात स्वतःचा संडास असणं हा तिचा हक्कच होता आणि तो फार उशिरा मिळाला.

पण चाळीत म्हाताऱ्याने काही न करता नुसतं दारात बसायची सोय होती. खुर्ची टाकली की जग समोरून जायचं. मनोऱ्यात दार उघडलं की समोर लिफ्ट आणि फायर एक्स्टिंग्विशर. नकाशात जिम असते, पोडियमवर बाग असते, तिथे जायला लिफ्ट, लिफ्टला बटणं, बटणांना चष्मा. वास्तुविशारदांना आमची हात जोडून विनंती : प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ एक बाक टाका. एफएसआयमध्ये बसत नसेल तर फायर एक्स्टिंग्विशरच्या बाजूला बसवा. आम्ही अंग चोरून बसू.

*

परदेशाचं निराळंच. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी निदान स्वतःच्या घरात बसून मुलांची वाट बघत होते. आता वाट बघायची गरज नाही. मुलं तिकीट पाठवतात.

अमेरिकेत पाहुण्याच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं आणि सुनेच्या बाळंतपणाला तेवढे पुरतात. आधी मुलीची आई जाते, ती परतली की मुलाची आई जाते. विमानतळावर एकमेकींना ओलांडून जाताना बाळाच्या ढेकराच्या वेळा हस्तांतरित होतात. गाडी येत नाही म्हणून घराबाहेर पडता येत नाही, आणि बर्फात चालता येत नाही म्हणून अंगणातही नाही. पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजारांना सहसा जागा नसते आणि साठीनंतर माणसाकडे दुसरे कुठले आजार असतात? ग्रीन कार्ड काढून दिलं तरी, तिथे स्वतः नोकरी केलेली नसेल तर म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात पैसे भरून शिरायलाही सलग पाच वर्षांचा रहिवास लागतो. कॅनडा उदार आहे. तिथला आई-बापांचा खास व्हिसा २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षं राहू देतो, फक्त एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा आधी दाखवायचा. ब्रिटनचं तर विचारूच नका. २०१२ पासूनचा नियम असा, की आंघोळ, कपडे, स्वयंपाक यांसारखी रोजची कामं स्वतःची स्वतःला जमत नाहीत आणि मायदेशी तशी देखभाल मिळणारही नाही, हे सिद्ध केलं तरच वृद्ध आई-बापांना कायमचं मुलाजवळ राहता येतं. धडधाकट आईला तिथे प्रवेश नाही. आधी अंथरुणाला खिळावं, मग अर्ज करावा.

आणि १९६५ नंतर अमेरिकेची दारं उघडली तेव्हा जे इंजिनीअर-डॉक्टर तिकडे गेले, ते आता स्वतःच पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. मुलं कॅलिफोर्नियात, हे ओहायोत. बृहन्महाराष्ट्र मंडळाला ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' हा वेगळा उपक्रम चालवावा लागतो, यावरून काय ते समजा. यातले काही जण म्हातारपण काढायला पुण्यात परततात आणि ज्या पुण्याची पन्नास वर्षं आठवण काढली ते सापडत नाही म्हणून पुन्हा हळहळतात.

*

आजोबा सकाळी सहाला गुलाबाच्या फुलाबरोबर 'शुभ प्रभात' पाठवतात, त्याची घरोघर टिंगल होते. ग्रुप म्यूट करतात. तो सुविचार नसतो हो, ती हजेरी असते. उत्तर कोणी देत नाही.

उत्तर देणारे वेगळेच निघतात. 'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्या तुम्ही वाचता. पोलिसाचा वेष घातलेला भामटा व्हिडिओ कॉल करतो, अटकेची भीती घालतो, म्हाताऱ्या माणसाला तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस फोनसमोरून हलू देत नाही आणि आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये यावर सावध केलं, १९३० हा तक्रारीचा क्रमांक सांगितला. सगळे विचारतात, शिकलेली माणसं फसतात कशी? मला वेगळंच दिसतं. मुलाचा फोन चार मिनिटांचा. भामटा दोन दिवस लाइनवर होता. आणि फसल्यावर 'आता हे कोणाला सांगू' हा प्रश्न ज्याला पडतो, त्याचे पैसे जायच्या कितीतरी आधी माणसं गेलेली असतात.

*

सरकार काय करतं? ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणाचं खातं एका मंत्र्याकडे सोपवलं, जपानने २०२१ मध्ये. ब्रिटनमध्ये ते खातं तेव्हापासून इतक्या हातांतून गेलं, की खात्यालाच पाळी लागली म्हणायची. आपल्याकडे मंत्री नाही, योजना आहेत. एसटीने पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट केला, हे खरोखरच चांगलं झालं. मुलाच्या घरी कंटाळलेल्या माणसाला आपल्या गावी सटकायला यापेक्षा चांगला कार्यक्रम कुठल्याही आरोग्य खात्याने आखलेला नाही. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावावर काढून घेतली, ती पुन्हा दिलीच नाही. करोना गेला, सवलतही गेली.

राज्याची वयोश्री योजना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकदाच तीन हजार रुपये देते. बऱ्या श्रवणयंत्राची किंमत एका कानाला पाच आकडी असते. तेव्हा शासनाच्या मते म्हाताऱ्याने अर्धं वाक्य ऐकावं. विनोद सोडा, कानाची गोष्ट फार महत्त्वाची आहे. ऐकू आलं नाही की माणूस एकदा 'काय?' म्हणतो, दोनदा म्हणतो, तिसऱ्यांदा उगाच हसतो आणि चौथ्यांदा त्या खोलीत येतच नाही. घरचे म्हणतात, हल्ली अण्णा अबोल झालेत.

कायदाही आहे, २००७ चा. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून निर्वाह भत्ता मिळतो, महिना दहा हजारांपर्यंत. प्रांतांकडे अर्ज करायचा, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि मुलांनी अट मोडली, तर बक्षीसपत्र रद्दही होतं. हे कलम २३ सही करायच्या आधी प्रत्येक आई-बापाने वाचावं आणि ती अट कागदावर घालूनच घ्यावी. कायदा पोळी मिळवून देतो. जेवताना समोर कोण बसणार, हे प्रांतांच्या अखत्यारीत येत नाही.

*

सगळ्याच आया शहरात येऊन कोमेजतात, असंही नाही. कित्येक जणी उलट तरारतात. सासर-माहेरच्या धबडग्यातून सुटतात, मेट्रोने एकट्या फिरतात, मोबाइलवर वीज बिल भरून शेजारच्या तरुण पोरांना शिकवतात. गावात राहिलेल्या सगळ्याच सुखात असतात असंही नाही. कोकणातल्या अर्ध्या बंद वाड्यांत दिवसभरात एक माणूस दिसत नाही. मग फरक कशाने पडतो?

याचा अंदाज एका जुन्या प्रयोगातून येतो. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोघींनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धांच्या निवासात तो केला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, की खोली कशी मांडायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा ते तुम्ही ठरवा, हवं असेल तर हे रोपटं घ्या आणि त्याची निगा तुम्हीच ठेवा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, की तुमची काळजी घ्यायला आम्ही आहोत. त्यांनाही रोपटं दिलं, पण पाणी नर्स घालणार. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हसती-फिरती दिसू लागली. प्रयोग लहान होता आणि त्याच्या पुढच्या आकड्यांवर वादही झाले. पण आपल्या घरांकडे बघा. आपण सगळे दुसऱ्या मजल्यावरचे व्यवस्थापक आहोत. 'आई, तू फक्त आराम कर' हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो आणि तिच्या हातातून आधी कढई काढून घेतो, मग किल्ल्या, मग पेन्शनचं पासबुक, आणि शेवटी तुळशीला पाणी घालायला बाई लावतो.

म्हातारी माणसंही कमी नाहीत. विचारलं तर म्हणतात, 'आमचं काय, कुठेही राहू.' हे साफ खोटं असतं. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि सोयीचं असतं. एकदा विचारून सुटका करून घेऊ नका. तीनदा विचारा, आणि एकदा तरी मुलांपैकी कोणी खोलीत नसताना, तिच्या बहिणीकरवी विचारा.

आणायचंच असेल तर आधी महिनाभर पाहुणी म्हणून आणा आणि परत पोचवा. पलंग तोच आणा आणि उशी त्याच दिशेला ठेवा. पॅसेजमध्ये रात्रभर दिवा जळू दे, बिल मी भरतो. देव्हारा माळ्यावर नको. घरातलं एक काम तिचं राहू दे, त्यात कोणी 'असं नाही, तसं' म्हणायचं नाही. कराडच्या शेजारणीचा फोन लावून द्या आणि तुम्ही तिथून उठून जा. पंधरा दिवसांहून जास्त झोप, भूक, बोलणं उतरलेलं दिसलं तर पोटाच्या डॉक्टरबरोबर मनाच्या डॉक्टरलाही दाखवा. म्हातारपणीचं नैराश्य औषधांनी आणि बोलण्याने हटतं, वय आड येत नाही. एवढ्यात जमत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसचा फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

ज्येष्ठ नागरिक संघांनाही दोन शब्द. तुमचा कट्टा, हास्यक्लब, दरमहा वाढदिवस, माइकवरून दोन तासांचं अध्यक्षीय भाषण, सगळं झकास आहे. भाषणसुद्धा, निदान शिव्या घालायला चार माणसं एकत्र येतात. पण कट्ट्यावर बहुधा पुरुषच बसलेले असतात. चौदाव्या मजल्यावर नवी आलेली बाई आपणहून खाली येऊन 'मला बसू द्या' असं म्हणणार नाही. तिच्या दाराची बेल तुमच्यापैकी एखादीने वाजवायला हवी. फाटकावर ॲपने अडवलंच, तर कुरिअर आहे म्हणून सांगा.

आणि मुलांनो, कराडचं घर विकायची घाई झाली असेल तर वर्षभर कुलूप लावून ठेवा, किल्ली आईकडे राहू द्या. एजंटला वर्षाने फोन केलात तरी तो पहिल्या रिंगला उचलतो.